हरभऱ्याची आंब आणि रमची बाटली

आबांच्या पोटात नेमकं काय गेलं हे काकीला कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम आबांनी माझ्यावर सोपवलं होतं. माझ्या हातून न फसलेलं आयुष्यातलं तेवढं एकच काम. काकी गेल्या पावसाळ्यात गेली, झोपेत, काहीही न कळता. म्हणून आता लिहितोय. ती असती तर हा कागद मी चुलीत घातला असता, आणि माझा लौकिक बघता कागद तेवढा वाचून बाकी घर पेटलं असतं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेत सुभेदार होते. पेन्शनवर आले ते पलूसच्या अलीकडे आमच्या गावाला, नदीच्या काळ्या रानात ऊस करायला. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला बाप नव्हता. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यामुळे वाटणी सोपी झाली. त्यांना पोरगा मिळाला आणि मला रागवायला माणूस मिळाला. डिप्लोमाला सांगलीत मी दोनदा गटांगळी खाल्ली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "फौजेत हिला रिट्रीट म्हणत्यात. परत चढाई कर." तिसऱ्या चढाईत मी पास झालो आणि पुढे कुपवाडला शेड घेऊन फॅब्रिकेशनचा धंदा टाकला.

माझं काम स्टीलच्या टाक्यांचं. त्यातही आंबट माल ठेवायच्या टाक्यांचं. चिंचेचा कोळ, डाळिंबाचा रस, ताक, लोणच्याचं खारं पाणी. या विषयातला मी तज्ज्ञ समजला जातो. तज्ज्ञ कसा झालो तेही सांगतो, कारण बाहेर मी ते सांगत नाही. सुरुवातीच्या काळात आटपाडीकडच्या एका चिंचवाल्याला टाकी करून दिली होती. टाकी झकास, पत्रा स्टेनलेस. फक्त आतल्या जाळीचे टेकू आणि नटबोल्ट मी साध्या लोखंडाचे लावले, कारण ते शेडमध्ये पडून होते आणि मला वाटलं, आत कोण डोकावतंय? चिंच डोकावली. आठवड्यातच फोन आला.

"सायेब, तुमी मला टाकी दिलीया का दौत?"

"का हो? काय झालं?"

"कोळ काळा कुळकुळीत झालाय. बाया बोटं बुडवून भिंतीवर रांगोळ्या काडाय लागल्यात. आता टाक बी द्या एखादा, अर्ज लिवाय बसतो."

चिंचेतल्या आंबटाने लोखंड खाल्लं होतं, आणि विरघळलेलं लोखंड चिंचेच्या तुरटपणाला भेटलं की शाईच होते. आपले जुने लोक अशीच शाई करायचे, फक्त जाणूनबुजून. ती टाकी मी परत आणली. ती अजून शेडच्या मागे आहे, पावसाचं पाणी साठवायला.

त्यानंतर मात्र मी या विषयाला भिडलो. पुस्तकं आणली, पट्ट्या कापून निरनिराळ्या रसांत बुडवून खिडकीत मांडल्या. बायको म्हणायची, घरात लोणच्यापेक्षा पत्रा जास्त मुरतोय. लिंबू, चिंच, द्राक्ष, डाळिंब, ताक, प्रत्येकात निसर्गाने आपापलं ॲसिड घालून ठेवलंय. माणसाचं पोट ते सोसतं, धातूला सोसत नाही. लोखंड विरघळून पदार्थ काळा करतं. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा बघता बघता निघून जातो. तांबं आणि पितळ वरून साळसूद दिसतं आणि आतून हिरवं होऊन पदार्थात उतरतं, म्हणून तर आपल्या बायका कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी करत नव्हत्या. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमियमची न दिसणारी साय असते, ती खरवडली तरी पुन्हा धरते. पण आंबटाच्या जोडीला खारट आलं की त्या सायीलाही टोचे पडतात, तिथे वरच्या जातीचं स्टील लागतं. काच आणि चिनीमाती यांना मात्र आंबटाचं सुखही नाही आणि दुःखही नाही.

गिऱ्हाईक आलं की हे सगळं मी त्याला ऐकवायचो. सुरुवात ठरलेली: "हे बघा, आंबटाला दात असतात." मी 'हे बघा' म्हटलं की आमचा वेल्डर मशीन बंद करून विडी पेटवायचा. "कीर्तन लागलं," म्हणायचा, "आता आरती हुईस्तवर काय काम न्हाई."

एवढी विद्या माझ्या डोक्यात होती. पुढचं वाचताना ते विसरू नका.

आता आंब. हरभरा फुलावरून घाट्यावर येतो तेव्हा त्याच्या पानांना एक खारट-आंबट घाम सुटतो. थंडीतल्या पहाटे त्यात दव मिसळतं. अशा वेळी धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर अलगद अंथरायचं, चिंब झालं की उचलून पिळायचं. निघेल ते पाणी म्हणजे आंब. पौष-माघात रोज पहाटे हे करत राहिलं की वर्षाची बेगमी होते. पोट दुखलं, जड झालं, ऊन लागलं, की चमचाभर पाण्यातून घ्यायची. ती इतकी जहाल की हंगाम संपेपर्यंत धोतराची चाळण होते, आणि हरभऱ्यात रोज हिंडणाऱ्याच्या चपलेचे खिळे गंजून टाच सुटते. आबा त्या धोतराची भोकं सूर्याकडे धरून दाखवायचे. "धोतराला खाती, खिळ्याला खाती. मग पोटातलं अजीर्ण म्हंजे किस झाड की पत्ती?"

आबांची आंब ठेवायची जागा म्हणजे रमची बाटली. कुणा जुन्या सोबत्याने कॅन्टीनमधून आणलेली. रम सगळ्यांनी मिळून एका दिवाळीला संपवली, बाटली उरली. जाड काच, अर्धवट सुटलेलं लेबल, त्यावर पुसट झालेला घोडेस्वार. त्या बाटलीत आबांची आंब वर्षानुवर्षं सुखात राहिली. रंगाने तांबूस झाली, म्हणजे दिसायला हुबेहूब रम. आबा सकाळी अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून ओसरीवर बसायचे आणि त्या बाटलीतून चमचाभर घ्यायचे. नवखा माणूस बघून चपापायचा. आबांना त्याची मजा वाटायची. "घेणार का पाव्हणं? नाष्ट्याच्या आदी एक?"

मला मात्र त्याची लाज वाटायला लागली, आणि इथून पुढचं सगळं त्या लाजेचं पोरगं.

माझ्या मुलीला साताऱ्याचं स्थळ आलं. मंडळी माळकरी. कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी. मुलाच्या आईने निरोप धाडला, मुलीच्या आजोबांना भेटायचंय, गावाकडच्या घरी येतो. माझ्या डोळ्यांसमोर लगेच चित्र: ओसरी, बुक्का, आणि आबांच्या हातात घोडेस्वार.

आदल्या दिवशी मी गावाला गेलो, जाताना सांगलीतून तांब्याची बाटली घेऊन गेलो. हल्ली घरोघरी दिसते तशी, ठोक्याची, झळझळीत. सगळीकडे एकच बोलबाला होता की तांब्यातलं पाणी प्रकृतीला उत्तम. तो मीही ऐकला होता. रात्रीचं पाणी, सकाळी रिकाम्या पोटी. पाण्यासाठी ती बाटली खरंच काही वाईट नव्हती.

मी रमच्या बाटलीतली आंब स्वतःच्या हाताने, नरसाळं लावून, तांब्याच्या बाटलीत ओतली. शेवटचा थेंबसुद्धा वाया जाऊ दिला नाही. सांगतो ते पुन्हा वाचा: आंबटाच्या टाक्यांचा कुपवाडचा तज्ज्ञ, हातात नरसाळं घेऊन. मनात एक शंकासुद्धा आली नाही. शेडमध्ये जे माझ्यासाठी ॲसिड होतं ते गावात आलं की औषध होतं, आणि शेडमध्ये जो धातू होता तो घरात आला की देवाचा गडू होता. या दोन खोल्यांमधलं दार माझ्या डोक्यात कधी उघडलंच नव्हतं.

"ह्ये काय?" आबा म्हणाले.

"आबा, आवं माळकरी लोक येणार. सकाळी सकाळी तुमच्या हातात रम बगितली तर पोरगी घरात राहील माझी."

"आत रम हाय का?"

"बाहेर तर हाय न्हवं."

आबांनी बाटली फिरवून बघितली. टोपण लावलं, काढलं. "झ्याक हाय रं," म्हणाले. "पर माझा घोडेस्वार कुटं गेला?"

घोडेस्वार मी मागच्या दारी भंगाराच्या ढिगात टाकला होता. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन घेऊनही गेला. एवढी तत्परता मी एरवी कुठल्या कामात दाखवली असेल तर शपथ.

पाहुणे आले. आबांनी तांब्याच्या बाटलीतून चमचाभर आंब घेतली, मुलाची आई कौतुकाने बघत राहिली. "बघा, जुनी माणसं तांबं सोडत नाहीत," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. मी छाती काढून हसलो. सुपारी फुटली.

आबांना ती बाटली आवडली. आता चारचौघांत घेता येते म्हणून ते दोन वेळा घ्यायला लागले. बाटली काकीच्या ताब्यात असायची, देव्हाऱ्याशेजारी. सकाळ-संध्याकाळ तीच चमचा भरून आबांच्या पुढे धरायची, वर गुळाचा खडा.

माघ संपता संपता आबांचं पोट बिघडायला लागलं. आधी मळमळ. मग जेवण समोर आलं की तोंड फिरवायचे. मी रविवारी जायचो. एका रविवारी म्हणाले, "आंब घेतली की तोंडात पैसा चोकल्यागत लागतंय रं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आंब मुरली की तशीच लागते, आबा."

पुढच्या खेपेला टोपणाच्या आट्यांत हिरवट पूड दिसली. ती मी बोटाने पुसली आणि काकीला दाखवून म्हणालो, "बघ, तांब्याचा गुण उतरतोय." गुण! माझ्या शेडमध्ये असली पूड दिसली असती तर मी ती टाकी गेटाबाहेर काढली असती.

आणि इथे तो फास आवळत गेला. पोट दुखतंय म्हणून आंब, आणि आंब घेतली की पोट दुखतंय. काकीच्या जिवाला चैन पडेना. चमचे वाढले. आबा नको म्हणायचे तर ती दटावायची, "ल्हान पोरागत तोंड नगा फिरवू. सुभेदार हाय न्हवं तुमी?" आबा डोळे मिटून गिळायचे. मी शेजारी बसून म्हणायचो, "घ्या आबा, घ्या. घरचं औषध हाय."

गावाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, विचारलं, "बाहेरचं काही खाण्यात आलंय का? एखादं चूर्ण, काढा, काही?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी उत्तर दिलं, ठामपणे, "बाहेरचं काहीच नाही डॉक्टर. सगळं घरचं."

पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. घरी आल्यावर काकीने त्या गोळ्या आंबेबरोबर दिल्या.

उन्हं तापायला लागली तशी आबांच्या डोळ्यांत पिवळी झाक आली. अंगावरची बंडी खांद्यावरून घसरायला लागली. त्याच दिवसांत कुपवाडला एक गिऱ्हाईक आलं, आटपाडीकडचंच, डाळिंबाचा बागवान. त्याला रस्त्याकडेला रसाचं दुकान थाटायचं होतं आणि रसासाठी टाकी हवी होती.

"पर टाकी तांब्याची करा सायेब," तो म्हणाला. "स्टील काय, कुटं बी हाय. तांबं बगितलं की गाड्या थांबत्यात. लोकांस्नी तांबं म्हंजे औषदच वाटतंय."

मी खुर्ची ओढून घेतली. "हे बघा," म्हणालो. वेल्डरने मशीन बंद केलं, विडी काढली.

"हे बघा, आंबटाला दात असतात. डाळिंबाचा रस तांब्यात ठेवला आणि टाकी अर्धी रिकामी राहिली, म्हणजे आत हवा राहिली, की ॲसिड आणि हवा मिळून तांबं कुरतडतात. ते दिसत नाही. रसात उतरतं. आधी तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते. मग मळमळ. मग पोटात..."

पुढचं वाक्य आलं नाही.

"मग पोटात काय सायेब?" बागवान म्हणाला.

वेल्डर विडी धरून माझ्याकडे बघत होता. त्याने मला कीर्तन मध्येच सोडताना कधी बघितलं नव्हतं. मी टेबलावरची किल्ली उचलली आणि गाडीला किक मारली. बागवान मागून ओरडला, "आवं सायेब, टाकीचं काय?" त्याने ती पुढे कुणाकडून कशाची करून घेतली, कुणास ठाऊक.

पलूसच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या होत्या. प्रत्येक गाडीमागे मी अडकत होतो आणि प्रत्येक वेळी मनात एकच हिशेब: आज सकाळचे चमचे पडून गेले असणार, संध्याकाळचे अजून पडायचेत.

पोचलो तेव्हा काकी गोठ्यात धारेला बसली होती. आबा ओसरीवर बाजेवर पडून होते. मी देव्हाऱ्याशेजारची बाटली उचलली, फडताळातली पांढरी बशी घेतली आणि आंब बशीत ओतली. पांढऱ्यावर ती मोराच्या मानेसारखी चमकली. निळी, हिरवी. तळाशी गाळ. इतके दिवस ती चमच्यातून सरळ तोंडात जात होती आणि चमचा स्टीलचा होता, त्यामुळे रंगाकडे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणजे त्या घरात बरोबर धातूची एकच वस्तू होती आणि तिनेही माझ्याच बाजूने साक्ष दिली.

आबा बशीकडे बघत होते. "मोरचूद हाय का ह्ये?" त्यांनी शांतपणे विचारलं. गावातल्या द्राक्षबागांना मोरचूद आणि चुना मारताना त्यांनी तो रंग कितीदा बघितला होता.

"मोरचूद नाही आबा. पण जवळचंच. बाटलीचं तांबं आंबेत उतरलंय." मी बशी खाली ठेवली. "आबा, मीच..."

"समजलं रं." मग त्यांचे ओठ हलले, ते हसत होते. "म्हंजे शत्रूच्या गोळ्या चुकवल्या आन् पुतण्याची बाटली लागली."

मला हसू येणं शक्य नव्हतं. आलंही नाही. मी बाजेचा दोर धरून खाली बसलो.

गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. आबांनी माझी कॉलर धरली. त्या हातात अजून ताकद होती. "आयकून घे. तिला सांगायचं न्हाई."

"आबा, चूक माझी हाय. मी सांगतो तिला. मी ओतली म्हणून..."

"तू वतलीस एकदा. तिनं रोज भरवलीया मला. नगं म्हनलं तरी भरवलीया. ह्ये तिला कळलं तर ती तुला काय म्हनायची न्हाई, सोताचा हात बगत बसंल. उरल्याला जलम." कॉलर सोडली. "तुजं मन हलकं करायला तिच्या मनावर धोंडा ठेवू नगंस. हुकूम हाय ह्यो."

गोठ्याचं दार वाजलं. आबा घाईने म्हणाले, "बशी धू."

मी बशी धुतली, बाटली धुतली. काकी चरवी घेऊन आत आली तेव्हा मी बाटलीत साधं पाणी भरत होतो. "आंब कुटं गेली?" तिने विचारलं.

"डॉक्टरांनी बंद केलीय. पोटात अल्सर असला तर आंबट चालत नाही म्हणे."

"मला वाटलंच," काकी म्हणाली, आणि मग स्वतःशीच पुटपुटली, "लई झाली का काय माज्या हातनं."

आबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पाणी भरता भरता सांडलं.

मिरजेला दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांना मी एकटा भेटलो आणि सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, नव्या तपासण्या लिहिल्या, औषधं बदलली. पुढे एकदा जिन्यात गाठून मी विचारलं, याच्यानेच झालं का? ते म्हणाले, यकृत वयाने थकलेलं होतंच. याच्यानेच झालं असं मी म्हणणार नाही आणि याच्याने झालं नाही असंही म्हणणार नाही. मला वाटतं कोर्टात याला संशयाचा फायदा म्हणतात. मला तो कुणी देऊ केला तरी घेता येत नाही. मी धातू ओळखतो.

काकीने दवाखान्यात ती बाटली नेली. उशाशी, साध्या पाण्याने भरून. "तांब्याचं पानी बरं असतंय," ती नर्सला सांगायची. आबा तिच्या हातून ते पाणी प्यायचे, आणि पिताना तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून एक डोळा मिटायचे. माझ्या आयुष्यात मी इतकी भयंकर थट्टा बघितली नाही. एकदा काकी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "चोरून वाईच आंब आनू का? कुनाला कळायचं न्हाई." आबा म्हणाले, "आता नगं. घरी गेल्यावर."

घरी ते गेले नाहीत. चैत्र सरायच्या आत गेले.

रक्षाविसर्जनाला नदीवर गाव जमलं होतं. माझ्यामागे दोघं बोलत होते, आवाज खाली पाडून, पण पाण्यावरून आवाज येतोच.

"लिव्हर गेलं म्हनं."

"जानारच की. सकाळी सकाळी वसरीवर बाटली घिऊन बसल्यालं मी सोता बगितलंय. रमची."

"फौजी मानूस. सवय कुटं सुटती."

मी मागे वळलो नाही. वळून काय सांगणार होतो? आबांची अब्रू राखायला मी ती बाटली बदलली होती. आता ते दारूनं गेले असं गाव म्हणत होतं, आणि खरं काय ते मी सांगितलं असतं तर ते काकीच्या कानावर गेलं असतं. त्या दिवशी माझ्याकडे दोनच वस्तू होत्या, आबांची अब्रू आणि काकीचं मन. आबांनी कुठली निवडायची ते आधीच सांगून ठेवलं होतं. मी तोंड मिटून नदीत हात धुतले.

मुलीचं लग्न वर्षभराने झालं. मुलाच्या आईने कुठून तरी ती दारूची कुजबुज ऐकली असणार, पण ती कधी बोलली नाही. बाईचं मन मोठं. आहेरात आम्हाला तिने तांब्याचा पाण्याचा पिंप दिला. तो मी आदराने माळ्यावर ठेवलाय.

लग्नाच्या आधीच्या थंडीत काकीचा फोन आला. "हरबरा घाट्यावर आलाय. पाटंचं ये. माजं पोट चार दिस दुकतंय, आंब धराय पायजे. आन् मला वाकवत न्हाई आता."

"येतो की."

"बाटली घासून ठिवलीया. ह्यांचीच. तितंच भरू. त्येवढंच ह्यांच्या हातचं घेतल्यागत वाटंल."

फोन ठेवला. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. आबांनी हुकूम दिला होता, पण हुकमाबरोबर थाप दिली नव्हती. थापा मारायचं काम त्यांनी नेहमीच माझ्यावर सोडलेलं.

संध्याकाळी मी सांगलीतल्या दुकानात जाऊन रमची बाटली घेतली. घोडेस्वाराचीच मागितली, दुकानदार म्हणाला ती हल्ली येत नाही, तेव्हा मिळेल ती. आतली रम मी मोरीत ओतून टाकली, असं बायकोला सांगितलंय. बाटली गरम पाण्याने धुतली, पुसली, पिशवीत घालून पहाटे गावाला निघालो.

काकी ओसरीवर शाल गुंडाळून बसली होती. मांडीवर तांब्याची बाटली. चिंच लावून घासलेली, लख्ख, सोन्यासारखी. चिंचेने तांब्याचा मळ निघतो तो का निघतो, ते मला माहीत आहे. काकीच्या नखांत हिरवट कड धरली होती.

मी पिशवीतून माझी बाटली काढली.

"आगं आई!" काकी दचकली. "ह्या घरात बाटली? लोक आदीच काय बोलत्यात त्ये आयकलं न्हाईस व्हय? माज्या नवऱ्याला बेवडा म्हनत्यात, आन् तू परत त्येच घिऊन आलास?"

म्हणजे तिच्या कानावर ते गेलं होतं. मी तिच्या पायाशी बसलो. "काकी, आबा स्वप्नात आले होते."

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"म्हणाले, माझा घोडेस्वार भंगारात घातलास. तांब्याची बाटली पाव्हण्यांसाठी होती, माझ्यासाठी नव्हती. आंब धरशील तर काचेच्या बाटलीतच धर, नाहीतर मला पोचायची नाही."

मी खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे काकीला मी शाळेत असल्यापासून माहीत होतं. थंडी होती, कानटोपी होती. तेवढं नशीब.

काकीने बराच वेळ रमची बाटली न्याहाळली. मग तांब्याची बाटली पदराने पुसली. "मरून बी त्या मानसाला रमच पायजे," म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हसतही होती. "काय बोलायचं ते बोलू दे गावाला. ही तांब्याची मी देवापाशी ठिवते. हिच्यातनं त्ये पानी तरी पितील." ती भिंतीला धरून उठली, बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवून आली आणि आबांचं धोतर आणलं. जुनंच, जाळीदार झालेलं.

रानात धुकं होतं. मी धोतर हरभऱ्यावर पसरलं, भिजू दिलं, उचललं. काकी बांधावर बसून दोन्ही हातांनी काचेची बाटली धरून होती, नरसाळं लावून. मी पिळायला लागलो. वेल्डिंगने माझ्या बोटांना कायम भाजल्याच्या भेगा असतात. आंब त्या भेगांत उतरली आणि मी ओठ आवळले, तरी डोळे भरले.

"लय झोंबतीया व्हय रं?" काकी म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो. "लय."

"मग वाईच दम खा."

मी दम खाल्ला नाही. धोतर उलटं करून पुन्हा पिळलं.